दोन पत्रकांतील सागवान
मलबारच्या एका जुन्या नकाशाचे वाचन

इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. नकाशा हा भूगोलाचा विषय, तो परीक्षेपुरता रंगवायचा आणि सोडून द्यायचा, अशी एक समजूत शाळेत रूढ झालेली आहे. वस्तुतः जुना नकाशा हा इतिहासाचा फार मोठा दस्तऐवज असतो. बखरीत काय लिहायचे ते बखरकार ठरवतो, तसेच नकाशात काय दाखवायचे ते नकाशा काढविणारा ठरवीत असतो. म्हणून नकाशात जे आहे ते वाचले पाहिजे आणि जे नाही तेही शोधले पाहिजे. या दृष्टीने मलबार किनाऱ्यावरील सागवानी मुलखाचा जुना स्थलदर्शक नकाशा आपण या लेखात उलगडून पाहू.

मलबारच का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. याचे कारण असे की, मुंबईच्या गोदीत बांधलेल्या नामांकित जहाजांचे लाकूड याच मुलखातून आले. शिवाय ते लाकूड तोडणारे, वाहणारे आणि त्याची जहाजे बांधणारे यांच्यात मापिला मुसलमानांचा वाटा फार मोठा होता. त्यांची हकीकत आपल्या समाजातील पालकांना व विद्यार्थ्यांना माहीत असावी असे मला वाटते.

पत्रक कसे तयार झाले

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. या विभागाने देशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला क्रमांक दिले आहेत. प्रत्येक मोठा चौकोन चार अंश अक्षांश व चार अंश रेखांशांचा. त्याचे पुन्हा एकेका अंशाचे सोळा भाग करून त्यांना इंग्रजी अक्षरे दिली आहेत. कालिकत व बेपूर यांचा किनारा ‘४९ एम’ या पत्रकात येतो, तर निलंबूरचे जंगल ‘५८ ए’ या पत्रकात. दोहोंच्या मधून ७६ अंश पूर्व रेखांश जातो आणि तो चालियार नदीला मध्येच कापतो. म्हणजे लाकडाची कथा पुरी वाचायची तर दोन पत्रके शेजारी शेजारी जोडून ठेवावी लागतात. एकात झाड आहे, दुसऱ्यात जहाज आहे.

या नकाशांमागे शंभर वर्षांहून अधिक काळाची मेहनत आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ जमिनीवर साखळीने एक रेषा मोजली आणि तिच्या आधारे डोंगरमाथ्यांवरून त्रिकोणांचे जाळे पसरत नेले. ते पश्चिम किनाऱ्याला जाऊन भिडले तेव्हा असे आढळले की, त्या ठिकाणी द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांत सुमारे ४०० मैल धरली होती, ती प्रत्यक्षात ३६० मैलच आहे. कागदावरचा चाळीस मैलांचा मुलूख मुळात अस्तित्वातच नव्हता! हा लॅम्बटन १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम करता करताच मरण पावला. त्याची कबर तेथे आहे.

त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट आला. एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाल्यामुळे ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच्या मोजणीची मोठमोठी यंत्रे ज्यांनी दुरुस्त केली, ते अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन मात्र आपल्या मुलांना माहीत नाहीत. कोन मोजण्याची ही यंत्रे अतिशय नाजूक. अंशाच्या बारीक भागाचा फरक पडला तरी पुढे मैलांची चूक व्हायची. इंग्लंडहून आलेला कारागीर बॅरो नोकरी सोडून गेल्यावर सर्वेक्षण खात्याचा यंत्रकार म्हणून मोहसीन हुसेन यांचीच नेमणूक झाली. हाताला कसब आणि कसबाला अचूकपणा यांची जोड मिळाली की माणूस कोठे पोहोचतो याचे हे ठळक उदाहरण होय. आपल्या मुलांना यशाची उदाहरणे सांगताना आपण नेहमी दूरच्या देशांतली आणि दूरच्या शतकांतली नावे घेतो. हे नाव त्या मानाने फार जवळचे आहे.

निळ्या रेघेवरचा प्रवास

१९०५ नंतर सर्वेक्षण विभागाने रंगीत व समोच्च रेषांच्या नकाशांची नवी मालिका हाती घेतली. तिच्यात पाणी निळे, जंगल हिरवे, उंचीच्या रेषा तपकिरी, रस्ते व वस्त्या तांबड्या. देऊळ, चर्च, मशीद, ईदगाह, कबर यांनाही स्वतंत्र खुणा आहेत. एक इंच म्हणजे एक मैल, या प्रमाणाच्या पत्रकावर तर गावातली विहीरसुद्धा सापडते.

‘५८ ए’ पत्रकावर पूर्वेकडे बघावे. निलगिरी आणि वायनाडचे कडे एकदम खाली उतरतात. तेथे तपकिरी रेषा इतक्या दाटीने येतात की कागद काळपट दिसू लागतो. त्या कड्यांखाली निलंबूरचे खोरे आहे. पाऊस भरपूर, जमीन गाळाची. सागाला याहून चांगली जागा मिळणे कठीण. या खोऱ्यातील अनेक ओढे एकत्र होऊन चालियार नदी बनते. एकूण १६९ किलोमीटर वाहून ती बेपूर येथे अरबी समुद्राला मिळते. निलंबूर, एडवण्णा, अरीकोड, मावूर, फेरोक ही तिच्या काठची गावे.

रस्ते फारसे नव्हते तेव्हा ही निळी रेघ हाच जंगलाचा राजरस्ता होता. तोडलेले ओंडके हत्तींकडून नदीकाठी ओढून आणीत. पावसाळ्याने नदी भरली की त्यांचे तराफे बांधून खाली सोडीत. लाकूड जड, म्हणून ते तरंगावे यासाठी तराफ्याला बांबू बांधीत. तराफ्यावर माणसे उभी राहून, वळणावळणाला बांबूने रेटा देत, दिवसचे दिवस प्रवास करीत. खाली कालिकतजवळ कल्लाई येथे लाकडाच्या वखारी होत्या. १८४८ च्या सुमारास तेथे उत्तरेकडील कोरप्पुळा नदीला जोडणारा एक कालवा खोदण्यात आला. नकाशावर तो सरळ निळ्या रेघेसारखा दिसतो. वाकडी रेघ निसर्गाची, सरळ रेघ माणसाची, हा नकाशावाचनाचा पहिला धडा येथेच मिळतो.

बेपूरला लाकडी जहाजे बांधली जात. या जहाजांना तेथे ‘उरू’ म्हणतात. अरब व्यापाऱ्यांना ती फार आवडत. आपल्याकडे खलाशी म्हणजे जहाजावर काम करणारा. बेपूरचे मापिला खलाशी मात्र वेगळे काम करतात. दोर, कप्पी आणि लाकडी ओंडके एवढ्याच सामग्रीच्या जोरावर शेकडो टन वजनाचे जहाज किनाऱ्यावरून पाण्यात लोटणे ही त्यांची विद्या. या कारागिरीत कागदावर काढलेला आराखडा नसे. सारे माप मेस्त्रीच्या डोक्यात असे.

जंगल कोणाचे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हे हिरवे जंगल कोणाच्या मालकीचे होते?

१७६६ पासून मलबारवर हैदर अली व नंतर टिपू सुलतान यांचा अंमल होता. टिपूला आरमाराचे महत्त्व पटले होते आणि बेपूर-फेरोक भागावर त्याचे विशेष लक्ष होते. फेरोक हे नावच मुळी त्याने वसवलेल्या फारुकाबादवरून आले आहे. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने मलबार कंपनी सरकारकडे गेला. त्या काळी नेपोलियनशी चाललेल्या लढायांमुळे इंग्लंडला आरमारासाठी लाकूड हवे होते आणि तेथील ओक वृक्ष अपुरे पडू लागले होते. सागाचे लाकूड पाण्यात कुजत नाही, त्याला वाळवी सहसा लागत नाही. साहजिकच कंपनीची नजर मलबारच्या सागवानावर गेली.

१८०६ साली वॉटसन नावाच्या पोलीस कप्तानाची जंगलाचा पहिला संरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८०७ मध्ये जाहीरनामा निघाला की, सागावर हक्क सरकारचा, खासगी लोकांनी तो तोडू नये. संरक्षक हे नाव खरे, परंतु प्रत्यक्षात तो लाकडाचा मक्ता होता. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारे मापिला व्यापारी, जमिनीचे मालक असलेले जन्मी आणि साधे शेतकरी या सर्वांवर त्याने संकट आणले. तक्रारी इतक्या वाढल्या की, मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने १८२३ साली हे पदच रद्द केले.

पण मक्ता उठला तरी तोड थांबली नाही. पुढील वीस वर्षांत नदीजवळचे मोठे साग संपत आले. तेव्हा मलबारचा कलेक्टर कॉनोली याने निलंबूरला साग लावण्याचे ठरविले. पहिले प्रयोग फसले, बी रुजेना. अखेर १८४४ पासून चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली लागवड यशस्वी झाली. १८६२ पर्यंत ते हे काम पाहत होते. १८४६ साली लावलेल्या सागाचा २.३१ हेक्टरांचा तुकडा अजून जपून ठेवलेला आहे. पण त्याला नाव आहे ते कॉनोलीचे. ज्याच्या हाताने झाडे जगली त्याचे नाव नकाशावर नाही. १९९५ साली निलंबूरला सागवानाचे स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले.

यानंतर कायदे आले. १८६५ चा पहिला वन कायदा, १८७८ चा दुसरा, आणि मद्रास इलाख्यासाठी १८८२ चा. ‘राखीव जंगल’ हा शब्द रूढ झाला. मोजणीदार आले, खांब रोवले गेले आणि नकाशावर एक तुटक रेघ उमटली. रेघेच्या आत सरकार, बाहेर रयत. काल ज्या रानातून मोळी आणली, जेथे गुरे चारली, जेथे डोंगरउतारावर फिरती शेती केली, तेथे आज जाणे गुन्हा ठरला. मलबारात याखेरीज जन्मींची खासगी जंगलेही विस्तीर्ण होती. इंग्रजांनी जन्मींना जमिनीचे पूर्ण मालक मानल्यामुळे कसणाऱ्या कुळांची स्थिती हलाखीची झाली. एर्नाड तालुक्यात यांतील पुष्कळ कुळे मापिला होती. १९२१ च्या उठावाची कारणे अनेक आहेत आणि त्यांचा ऊहापोह हा या लेखाचा विषय नव्हे. मात्र कुळांच्या जमिनीची असुरक्षितता हे त्यांपैकी एक होते याबद्दल दुमत नाही. कुळांना काहीसा दिलासा देणारा कायदा १९३० साली झाला. खासगी जंगले सरकारजमा करणारा केरळचा कायदा तर १९७१ साली आला.

या सर्व घडामोडींत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याच्याजवळ कागद होता आणि तो वाचण्याची ताकद होती, त्याचा दावा टिकला. ज्याचा हक्क केवळ वहिवाटीवर व तोंडी शब्दावर उभा होता, तो हरला. झाड चांगले ओळखणारा माणूस झाडाला मुकला, कारण त्याला रेघ ओळखता येत नव्हती.

मुंबईची गोदी

मलबारचे साग बेपूरहून निघाले की त्यातले पुष्कळसे मुंबईला येत. १७३६ साली सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी मुंबईच्या गोदीचे नाव जगभर केले. १८१० साली तेथे ‘मिंडेन’ हे युद्धनौकांच्या पहिल्या फळीतले जहाज पाण्यात उतरले. १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’ झाले. चीनशी झालेल्या नानकिंगच्या तहावर १८४२ मध्ये याच जहाजावर सह्या झाल्या. १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज तर आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. त्याचे लाकूड मलबारचे सागवान होय. ज्या झाडाला नदीत ढकलणाऱ्या मजुराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, ते झाड परदेशात तिकीट काढून पाहण्याजोगी वस्तू झाले आहे.

रेघा येतात, रेघा जातात

एकाच मुलखाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की इतिहास चालताना दिसतो. मद्रासहून निघालेली रेल्वे १८६० च्या दशकाच्या आरंभी बेपूरच्या खाडीपर्यंत आली. १८८८ साली ती कालिकतपर्यंत वाढली आणि खाडीकाठचे जुने टोक ओस पडले. १९२७ साली शोरनूरपासून निलंबूरपर्यंत ६६ किलोमीटरचा लोहमार्ग झाला. त्यामुळे नदीचे काम आगगाडीकडे जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज पडली म्हणून १९४१ मध्ये हे रूळ उखडून नेण्यात आले आणि १९५४ मध्ये मार्ग पुन्हा सुरू झाला. म्हणजे १९२० च्या नकाशावर ही रेल्वे नाही, १९३० च्या नकाशावर असायला हवी, आणि १९४५ साली नकाशावर ती असली तरी जमिनीवर नव्हती! नकाशाच्या कोपऱ्यातले मोजणीचे वर्ष आधी वाचावे, असे मी भूगोलाच्या तासाला मुलांना वारंवार सांगतो, त्याचे कारण हेच.

सीमाही बदलल्या. जुन्या पत्रकावर ‘मलबार जिल्हा’ अशी ठळक अक्षरे आहेत. १९५६ साली तो भाग केरळ राज्यात गेला आणि १९६९ साली मलप्पुरम हा नवा जिल्हा होऊन निलंबूर त्यात आले. १९६३ पासून मावूर येथे लगदा व धाग्याचा मोठा कारखाना चालला. निलंबूरचा बांबू तेथे जाऊ लागला आणि चालियारचे पाणी दूषित झाले. २००१ साली तो कायमचा बंद पडला.

जे नकाशात नाही आणि जे आहे

या नकाशात तराफेवाले नाहीत, हत्तींचे माहूत नाहीत, बेपूरचे मेस्त्री नाहीत. निलंबूरच्या रानात राहणारे चोलनायकन, पणियर, काट्टुनायकन हे लोकही नाहीत. त्यांचे सारे जग त्या हिरव्या रंगाखाली झाकून गेले आहे. हिरवा रंग पाहून जंगल रिकामे आहे असे वाटते. ते कधीच रिकामे नव्हते.

उलट काही गोष्टी नकाशात स्पष्ट आहेत, पण आपण त्या वाचत नाही. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधील मुंडक्कै व चूरलमला या वस्त्यांवर डोंगर कोसळला. दोनशेहून अधिक माणसे गेली. कित्येकांचे देह चालियारच्या पाण्यातून खाली निलंबूरपर्यंत वाहत आले. ज्या वाटेने शतकभर ओंडके आले, त्याच वाटेने माणसे आली. दरड केव्हा कोसळेल हे नकाशा सांगत नाही. पण पाणी कोठून कोठे जाईल, उतार किती उभा आहे आणि कड्याच्या पायथ्याशी कोणती वस्ती आहे, हे त्या दाट तपकिरी रेषा आणि ती निळी रेघ पूर्वीपासून सांगत आहेत. आपली कोकणातली गावेही डोंगर आणि खाडी यांच्या मध्येच वसलेली आहेत. मुंबई इलाख्यात १८४७ साली जंगल संरक्षक नेमलेल्या डॉ. गिब्सन यांनी, डोंगर उघडे पडले की खाड्या गाळाने भरतात, याकडे त्या काळीच लक्ष वेधले होते.

आपण काय करावे

आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन गावी आहे आणि कमावते हात मुंबईत किंवा आखातात आहेत. सातबारा पेटीत असतो. त्यावरचा गट क्रमांक गावनकाशात कोठे आहे, बांध कोठून जातो, पायवाट कोणत्या बाजूने आहे, हे घरातल्या किती जणांना सांगता येईल? आजोबांना ते पायाखालच्या वाटेने ठाऊक होते. नातवाला ती वाटही ठाऊक नाही आणि नकाशाही वाचता येत नाही. मलबारच्या कुळांवर जी वेळ आली तिचे मूळ अशाच ठिकाणी होते. तेव्हा पालकांना माझी विनंती आहे की, सुट्टीत मुलांना गावी न्याल तेव्हा गावनकाशाची नक्कल हातात घेऊन त्यांना एकदा शिवारातून फिरवून आणा. मुलींनाही न्या. वारसा त्यांचाही आहे.

विद्यार्थ्यांना सांगायचे ते असे. समुद्रकाठच्या मुलखाची पत्रके एके काळी सर्वसामान्यांना सहजी मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर ही परिस्थिती पालटली. म्हणजे कुलूप निघाले आहे, दार ढकलण्याचे काम उरले आहे. नकाशा वाचायला शिका आणि पुढे नकाशा काढणाऱ्यांतही जा. भूमापन, वनशास्त्र, भूगर्भशास्त्र, स्थापत्य ही क्षेत्रे आपल्या मुलांनी फारशी आपली मानलेली नाहीत. मीर मोहसीन हुसेन यांचे कसब ज्या समाजात होते त्या समाजाला हे परके वाटण्याचे कारण नाही.

शेवटी ‘४९ एम’ पत्रकाकडे पुन्हा एकदा पाहू. चालियारच्या काठी फेरोक आहे. टिपूने जेथे आपले ठाणे वसवू पाहिले, ज्याच्या समोरून सागाचे तराफे समुद्राकडे गेले, त्या फेरोकजवळ १९४८ साली मौलवी अबुस्सबाह अहमद अली यांच्या प्रयत्नाने फारूक कॉलेज सुरू झाले. तराफेवाल्यांची, खलाशांची आणि कुळांची नातवंडे तेथे शिकू लागली. १९४८ पूर्वीच्या कोणत्याही नकाशावर ही खूण सापडणार नाही. ती सरकारने पाडलेली नाही आणि व्यापाऱ्यानेही नाही. एका समाजाने आपल्या वर्गणीने आणि जिद्दीने ती खूण नकाशावर उमटवली. आपल्या गावाच्या पुढच्या पत्रकावर अशी एखादी खूण असावी, हे आपल्या सर्वांच्या हाती आहे.